बिनहंगामाची पाहुणी

बायडाबाईचा एक नियम होता, आणि तिनं तो भावकीत इतक्या वेळा ऐकवला होता की लहान पोरंसुद्धा तिच्या मागं, तिच्यासारखंच कमरेवर हात ठेवून तो म्हणून दाखवायची. सुगीत घर बघायचं नाही. पोरगी द्यायची असेल तर त्या घराला जायचं ते त्याचे हात रिकामे असताना. "सुगीत समदीच घरं शिरीमंत दिसत्यात रं," ती म्हणायची. "भर पावसाळ्यात बी पोटभर खातंय आसं घर बघा, न्हाईतर दिवाळीला कोण बी खातंय."

या नियमामागं तिचं स्वतःचं लग्न होतं. तिच्या बापानं तिला दिली ती भर सुगीत घर बघून. खळ्यावर ज्वारीची रास, दावणीला बैलांची ओळ, दारात कडब्याची गंज. बाप खूश होऊन सुपारी फोडून आला. ती नांदायला गेली तेव्हा पावसाळा तोंडावर होता. खळं झाडलेलं, गंज शेजाऱ्याच्या दारात आणि दावणीला एक म्हातारा बैल, तोही एका डोळ्यानं अधू. बाकीचे बैल ज्याचे त्याच्या घरी गेले होते. त्या घरात तिनं पंधरा वर्षं काढली, नवऱ्याचं सगळं केलं, आणि तो गेल्यावर कऱ्हाडच्या वरल्या अंगाला कृष्णाकाठी माहेर होतं तिथं परत आली. कुणापुढं रडली नाही. पण त्या दिवसापासून बापासारखी चूक आपल्या हातून होऊ द्यायची नाही, हे तिनं ठरवून टाकलं.

माहेरी भाऊ होता, लालासाहेब. पलटणीत हवालदार होऊन, मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेला गडी, मिशा अजून वर वळलेल्या. पण घरात त्याचा हुद्दा शिपायाचाच. आक्का म्हणेल तो हुकूम. त्याची बायको पोरगी अंगावर पीत असतानाच वारली, आणि शालूला पुढं न्हाऊमाखू घालण्यापासून भाकरी थापायला शिकवण्यापर्यंत सगळं बायडाबाईनं केलं. शालू आता वीस वर्षांची झाली होती. दोन चांगली स्थळं आत्तीनं मोडली होती. एकाच्या घरचे हौद कोरडे होते म्हणून, आणि दुसऱ्याची आई पाहुण्यांच्या देखत गड्याला शिळी भाकरी वाढताना दिसली म्हणून. दोन्ही वेळा तिचं बरोबर निघालं. तरी गावात बायका कुजबुजायला लागल्या होत्या, की ही बया पोरीला देव्हाऱ्यात बसवून पूजणार बहुतेक.

अशात केरूनं स्थळ आणलं. केरू हळदीची पोती घेऊन सांगलीच्या पेठेत जायचा आणि येताना हळदीच्या भावाबरोबर चार पोरांची नावंही घेऊन यायचा. पोरगा तासगावच्या बाजूचा. नाव सिद्धू. बाप नाथाजी, आई चंद्राबाई, एकुलता एक, आणि द्राक्षाची बाग.

द्राक्षाचं नाव काढल्यावर सगळ्यांनी माना वर केल्या. मोठा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती, आणि तासगावकडं माळरानावर माणसं दगडी खांब रोवून तारा ओढून त्यावर द्राक्ष चढवतायत, असं नुसतं कानावर येत होतं. उसाच्या गावाला त्याचं मोठं नवल वाटायचं.

"माघात चला आक्का," केरू म्हणाला. "माघासारखा मोसम न्हाई. मांडवाखाली हुभं ऱ्हायलं की घड डोस्क्याला लागत्यात. मुंबैचं सायेब लोक मोटारी घिऊन बघाय येत्यात, दारू गाळायला द्राक्षं कसली मिळत्याल म्हणून चवकशी करत्यात."

"माझं बी मत माघच," लालासाहेब म्हणाला. द्राक्षाच्या बाबतीत आपला अधिकार मोठा आहे असं त्याला वाटत होतं. "इटलीत आमी उतरलो तवा तिथं द्राक्षाची सुगी हुती. गावंच्या गावं द्राक्षं तुडवत हुती. बाया घागरं वर खोचून हौदात..."

"पुरं," बायडाबाई म्हणाली.

"आन ती लाल दारू पाण्यागत पित्यात, आक्का. जेवताना. पोरंबाळं बी."

"म्हनून तुला माघ पायजे व्हय? आपन चैतात जायाचं. आन सांगून न्हाई जायाचं." तिनं पदर कमरेला खोचला, म्हणजे विषय संपला. "फळ हुभं आसलं की मानूस फळाकडं बघतं. मला मानसं बघायची हायत."

केरूनं परोपरीनं सांगितलं, की चैत्रात तिथं बघण्यासारखं काही नसतं. बायडाबाईला तेच तर हवं होतं. माघ आला आणि गेला, शिमगा झाला, पाडव्याची गुढी उतरली, आणि चैत्राच्या सरत्या आठवड्यात एक दिवस तिनं भावाला फेटा बांधायला सांगितलं.

निघताना शालूनं भाकरी फडक्यात बांधून दिली. गाठ मारता मारता खाली बघूनच ती बोलली.

"आत्ती, तू न्हाई म्हनलीस तर मी शबुद काढनार न्हाई. पर बघताना नीट बघ."

"आजवर नीट बघितलं न्हाई का मी?"

"तसं न्हवं. त्या घरात तुला नांदायचं न्हाई. मला नांदायचंय."

बायडाबाईनं गाठोडं काखेला मारलं. पण एसटीत बसल्यावर कऱ्हाड मागं पडलं, उसाचे मळे मागं पडले, उन्हानं पांढरा पडलेला माळ सुरू झाला, तरी पोरीचं ते वाक्य तिच्या मनातून हलेना. मोडायला आपल्याला एक शब्द पुरतो, वर्ष तिचं जातं, हे तिला पहिल्यांदाच असं लख्ख दिसलं. आणि नको त्या घरात दिली तर सगळा जन्म. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि स्वतःला बजावलं, की आपण चार पावसाळे जास्त बघितलेत, आपली नजर चुकायची नाही.

तिची रीत अशी, की आधी शेत आणि मग घर. घरातली माणसं सारवासारव करतात, शेताला ते जमत नाही. फाट्यावर उतरल्यावर एका गुराख्याला नाथाजीचा मळा विचारला. त्यानं काठीनं दाखवला. दोघं बांधावरून चालत गेले, आणि मळ्याच्या तोंडाशी आल्यावर लालासाहेब जागच्या जागी थांबला.

"आयला," तो म्हणाला.

दगडी खांब होते. तारा होत्या. आणि त्या तारांखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाग कापून टाकलेली होती. एक पान नाही. जाड जाड बुंधे तेवढे वर गेलेले, त्यांचे हात तारेवर पसरलेले, आणि त्या हातांची बोटं सपासप छाटलेली. कापलेल्या फांद्यांचे ढीग बांधाला लागले होते, त्यावरची पानं अजून पुरती वाळलीही नव्हती. म्हणजे कालपरवाचीच गोष्ट. बायडाबाई जवळ गेली. प्रत्येक कापातून पाणी गळत होतं. थेंब थेंब खाली पडून वेलाच्या बुडाशी माती ओली झाली होती.

"आगं, रडत्यात ही झाडं," ती पुटपुटली.

"इटलीत आशाच दिसायच्या," लालासाहेब हलक्या आवाजात म्हणाला. "तोफखान्यानं झोडपल्यावर. उतरलो तवा हिरव्यागार बागा हुत्या. थंडीत म्होरं सरकलो, तर मैलच्या मैल त्याच आशा पाला झडल्याल्या, बोडक्या. आमी म्हनायचो, बिचाऱ्यांची पोटं मारली लढाईनं."

"हितं कसला तोफखाना? हितं भाऊबंद." बायडाबाईच्या मनात सगळं एका क्षणात जुळलं होतं. तिच्या गावात एका घरची केळीची बाग अशीच एका रात्रीत आडवी झाली होती. दुसऱ्याचा पानमळा. उसाला तर काय, नुसती काडी लावली की झालं. बांधावरून भांडण लागलं की उभं पीक कापायचं, हा कृष्णाकाठचा जुना रोग. तासगावला तो नसेल असं थोडंच आहे?

बुंध्यांना कुणीतरी निळं-पांढरं काहीतरी फासलेलं होतं. लालासाहेबानं बोट लावून वास घेतला आणि नाक मुरडलं. "करनी आसंल का आक्का?"

करणीबिरणी बायडाबाई मानत नसे, पण ती करणारी माणसं असतात हे मानत असे. "चल," ती म्हणाली. "आता घर बघू. ह्ये लोक आपल्यापासनं काय काय लपवत्यात ते बघायचंय मला."

आणि खरंच, त्या घरानं एवढी मोठी गोष्ट लपवली तरी कशी, याचं तिला नवल वाटलं. दारात पाऊल टाकलं तर घर हसत होतं. नाथाजी हा ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, मोठ्यानं बोलणारा माणूस. पाहुणे कोण ते कळल्यावर त्यानं दोन्ही हात वर केले. "आवं या की! कळवलं न्हाई? केरूनं सांगितलं, माघात येत्यात. आमी माघभर वाट बघितली." त्यानं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं, आणि आज घरात गोडाचंच आहे, तुम्ही बरोब्बर दिवशी आलात, असं सांगितलं.

गोडाचं! बागेचा खून झालाय आणि घरात गोडाचं. बायडाबाईनं भावाकडं नुसतं बघितलं.

चंद्राबाई आतून आली. उंच, काटक बाई, बोलणं कमी. तिनं गूळपाणी पुढं ठेवलं आणि बायडाबाईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. मग पोरगा आला. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. पाया पडायला वाकणार तोच ते हात त्याच्या लक्षात आले. "थांबा, धुऊन येतो," म्हणत तो मागं वळला, हात धुऊन आला आणि मग पाया पडला. तरी हात निळेच दिसत होते. पोरगा बायडाबाईला आवडला, आणि आवडला म्हणून तिला जास्तच वाईट वाटलं.

तिनं ताकास तूर लागू न देता विचारायला सुरुवात केली.

"भावकी मोठी हाय का वो तुमची?"

"लय. निम्मा गाव आमचाच."

"चांगलं हाय समद्यांचं?"

"भाऊबंद म्हंजे भाऊबंद," नाथाजी हसला. "बांधावरनं बोलाचाली हुतीच की. कुनाला चुकलीय?"

बायडाबाईनं लालासाहेबाकडं पाहिलं. सापडला, असं तिची नजर म्हणत होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ताठ बसली. गोड बोलून निघून जावं आणि केरूकरवी नकार कळवावा, ही जगाची रीत. पण तिचा तो पिंड नव्हता, आणि आज तर मनात शालूचं वाक्य होतं.

"नाथाजीराव, मी आडपडदा ठेवत न्हाई. पोरगं चांगलं हाय. घर बी चांगलं हाय. पर ज्या घराच्या हुभ्या पिकावर वैऱ्याचा कोयता फिरतो, तिथं माझी पोरगी मी देनार न्हाई. आज बागंवर फिरला, उद्या मानसावर फिरंल. आन तुमी आमाला ग्वाड खायाला घालून त्ये लपवताय, ह्येचं मला जास्त लागलं."

नाथाजीचं तोंड उघडं राहिलं.

"कोयता? कुनाचा कोयता?"

"त्ये तुमाला ठावं. आमी मळा बघून आलोय. येक वेल सोडला न्हाई चांडाळानं. अजून पानी गळतंय."

नाथाजीनं बायकोकडं बघितलं, पोराकडं बघितलं, आणि मग त्याच्या पोटातून जे हसू उसळलं ते थांबेचना. तो मांडीवर थापा मारत कलंडला, मागच्या पोत्याला टेकला, डोळे पुसले आणि परत हसला. "आवं, ती म्या कापली! म्याच! काल सांजंला संपली. गडी लावून कापली!"

बायडाबाईनं आता मनात दुसरं कारण जोडलं. वेडाचा झटका. हा आजार पोरात उतरतो की काय, या विचारानं तिनं सिद्धूकडं निरखून पाहिलं. तो खाली मान घालून हसू दाबत होता.

"हसू नगा," चंद्राबाई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण नाथाजी गप्प झाला.

"त्यांनी तोंडावर इचारलं तरी. दुसरी आसती तर ग्वाड खाऊन, तोंडभर हसून गेली आसती, आन वाटंनं गावभर सांगितलं आसतं की नाथाजीच्या घराला वैरी हायत." ती उठली. "चला आक्का. दावते तुमाला."

मग पाचही जणं उन्हातून मळ्यात गेली. चंद्राबाईनं एक वेल धरला आणि कापलेल्या काडीचं टोक खाली ओढून बायडाबाईच्या नाकासमोर आणलं. "द्राक्षं उतरली की चैतात समदा वेल छाटायचा. खरड छाटनी म्हनत्यात. न्हाई छाटला तर म्होरल्या साली पालाच पाला, फळ न्हाई. पानी दोन-चार दिस गळतं, मंग आपसूक ऱ्हातं. ह्ये निळं म्हंजे मोरचूद आन चुना, कीड लागू नये म्हनून. आन ह्यो बघा डोळा."

काडीच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा होता. बायडाबाईनं त्यावर बोट फिरवलं. डोळा! उसाचाही डोळाच. तिनं जन्मभर बेणं निवडताना कांडीवरचे डोळे तपासले होते. ऊस तोडला की त्याच बुडख्यातून खोडवा फुटतो, आणि तोडलेलं रान बघून उसाच्या गावात कुणी गळा काढत नाही. एवढं सगळं ठाऊक असून तिनं इथं येऊन वैरी, कोयता आणि वेडाचा झटका उभा केला होता. तिचं तोंड कानापर्यंत तापलं.

"खोडवा राखनारी बाई मी," ती म्हणाली, "आन मला कळू नये!"

लालासाहेब मात्र वेगळ्याच ठिकाणी पोचला होता. तो तारेखाली उभा राहून वर बघत होता. "आक्का, म्हंजे त्या इटलीतल्या बी..." त्यानं फेटा मागं सारला. "तोफांनी न्हवं मंग. थंडीत पाला झडला आसंल, आन लोकांनी छाटल्या आसत्याल. लढाई चाललीया आन लोकं बागा छाटत हुती, गड्या." तीस वर्षं तो त्या बागांसाठी हळहळत आला होता. आता तो एकटाच हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या मिशा थरथरल्या.

चंद्राबाई बांधावर बसली. बायडाबाईला तिनं हाताला धरून शेजारी बसवलं.

"आता आलाच हायसा बिनमोसमाच्या, तर समदंच सांगते. ह्या माघात बाग भरली हुती. मुंबैचं सायेब बघून डोलून गेलं. मागनं आभाळ आलं. दोन दिस पाऊस लागला आन घडातलं मनी फुटलं. निम्मी द्राक्षं आमी उकिरड्यावर वतली. आज ग्वाड केलंय त्ये छाटनी संपली म्हनून, गड्यांना द्यायची रीत हाय. रोज न्हाई खात आमी. ह्या साली लगीन झालं तर मांडव ल्हान आसंल, दागिना कमी आसंल. मागनं बोल नगं म्हनून आत्ताच सांगते. माघात आला आसता तर ह्येनी तुमाला घड दावलं आसतं, आन मी गप बसले आसते."

"व्हय, दावलं आसतं," नाथाजी म्हणाला. "घड दावायलाच आसत्यात की."

बायडाबाई त्या बाईकडं बघत राहिली. अशा बाईच्या हाताखाली पोरगी द्यायला मिळावी म्हणून तर आपण एवढी वर्षं दारं धुंडाळली, असं तिला वाटलं. चूक झाली त्याची लाज होती, पण त्यापेक्षा आनंद मोठा होता. नियम खोटा पडला नव्हता. चैत्रातच आलो म्हणून हे ऐकायला मिळालं.

"इहीनबाई," ती म्हणाली, "माझ्या बाजूनं पोरगी दिली."

नाथाजीनं टाळी वाजवली. चंद्राबाई हसली, आज पहिल्यांदाच. "आमच्या बाजूनं बी बघायला नगं का? पोरीला बघायला आमी कवा यायाचं?"

"गुऱ्हाळाच्या दिसांत या," लालासाहेब लगेच म्हणाला. "मार्गशीर्षात. गरम गूळ, काकवी, ऊस..."

बायडाबाईनं मान डोलवलीच होती. मार्गशीर्षात घर कसं भरलेलं असतं! गुऱ्हाळ चालू, दारात गाड्यांची ये-जा. तोवर मागची भिंत बांधून होईल, गेल्या पावसात ती बसली होती. गोठ्यात एकच म्हैस उरली होती, पण शेजारच्या आकारामाच्या दोन म्हशी दोन दिवस आणून बांधल्या तर तो नाही म्हणायचा नाही.

आणि तिथं तिचं मन थबकलं. आकारामाच्या म्हशी. हे कोण बोललं? तिच्या सासऱ्यानंही असंच म्हटलं असेल, खळ्यावर उभं राहून, की बैल दोन दिवस बांधले तर शेजारी नाही म्हणायचा नाही. त्याच्याही मनात काही फार मोठं पाप नसेल. घर चांगलं दिसावं, एवढंच. इतकी वर्षं ज्या माणसाला ती मनातल्या मनात शिव्या घालत आली, त्याच्याच पायरीवर ती आता उभी होती, आणि पुढं शालूचं सासर होतं.

"मार्गशीर्षात नगं," ती म्हणाली. "आज चला."

"आज?" लालासाहेबाचा आवाज चिरकला. "आक्का, घरात आज..."

"काय न्हाई घरात. त्येच बघू दे त्यास्नी." ती उठून उभी राहिली. "ऊस गेलाय, रान जाळून काळं केलंय, मागली भिंत पडल्याली हाय, म्हैस येकच हाय आन ती बी आटलीया. पोरगी चिखलात आसंल. चला इहीनबाई, हाय त्या यष्टीनं."

चंद्राबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं, आणि काही न विचारता घराकडं वळली. तिनं पायात चपला सरकवल्या, गड्यांना गोडाचं वाढायला सिद्धूला मागं ठेवलं आणि नाथाजीला कोपरी बदलायला लावली.

एसटीत बायडाबाई खिडकीशी बसली. एवढी घरं तिनं पाहिली होती, पण आपलं घर कुणाला दाखवायला निघालेली ती आज पहिल्यांदाच. ती पुन्हा पुन्हा पदर सारखा करत होती. त्या सगळ्या दारांत उभ्या राहिलेल्या बायकांना असंच होत असेल का, हे तिनं आजवर कधी मनात आणलं नव्हतं.

उन्हं कलली होती तेव्हा ते गावात पोचले. मळ्याच्या वाटेला जळलेल्या पाचटाची काळी राख उडत होती. घराच्या मागं शालू साडी वर खोचून पडल्या भिंतीवर चिखलाचे गोळे रचत होती. कपाळाला चिखल, गालाला चिखल. दागिना म्हणून गळ्यात एक काळा दोरा, बाकी काही नाही. परकी माणसं बघून ती दचकली, आत पळायला वळली, आणि आत्तीनं "ऱ्हाऊ दे" म्हटल्यावर तशीच उभी राहिली.

चंद्राबाईनं सगळं बघून घेतलं. भिंत, गोठा, रान. घाई केली नाही. मग ती चिखलाच्या कडेला जाऊन पोरीसमोर उभी राहिली.

"मी सिद्धूची आई. तुझ्या आत्तीनं आज आमची बाग बघितली. नुसत्या बोडक्या काटक्या हायत. औंदाचं निम्मं फळ पावसानं नेलं. आता फूट यील, तिचं वरीसभर करावं लागंल, आन मंग माघात कायतरी दिसंल. तुला सांगून ठेवते. आमच्या घरात यायचं तर कवा यायचं, त्ये तू सांग. दिवाळीनंतर बाग हिरवी आसती. माघात घड लागत्यात. तुला जवा बरं वाटंल तवा मुहूर्त धरू."

शालूनं आत्तीकडं पाहिलं. बायडाबाईच्या ओठांवर उत्तर तयार होतं, ते तिनं गिळलं. तोंड फिरवून ती म्हशीकडं बघायला लागली.

शालूनं हात साडीला पुसले.

"फूट कवा येती?" तिनं विचारलं.

"ह्येच आठ-धा दिसांत. वैशाखात बोटभर आसती."

"मंग वैशाखातच करा," शालू म्हणाली. "बोटभर हाय तवरच येते. माझ्या हातानं वाढवली म्हंजे ती बाग मला माझी वाटंल. भरल्या बागंत गेले तर मी पावनीच ऱ्हाईन."

चंद्राबाईनं पुढं होऊन तिचे चिखलाचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या बायडाबाईला रडू फुटलं, चांगलं हमसून, आणि या खेपेला तिनं ते कुणापासून लपवलं नाही.